आरंभ-स्क्रिप्टचा इतिहास : खंडित वीज आणि मागे उरलेला प्रक्रिया-क्रमांक

संगणकाच्या इतिहासात यंत्रांना व त्यांच्या निर्मात्यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या लहानशा स्क्रिप्टांना मिळालेले नाही. वस्तुतः रात्री बंद पडलेला सर्व्हर सकाळी आपोआप पूर्ववत होतो की नाही, हे त्यांच्यावरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखात अशा स्क्रिप्टांतील एका जुन्या दोषाचा मागोवा घेतला आहे.

पडद्यामागे चालणाऱ्या सेवेला ‘डीमन’ हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये पडले. फर्नांडो कोर्बाटो यांच्या म्हणण्यानुसार ते मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसावरून सुचले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्समध्ये ‘इनिट’ ही क्रमांक १ ची प्रक्रिया इतर सेवा सुरू करू लागली. पुढे सिस्टिम फाइव्हमध्ये (१९८३) प्रत्येक सेवेला स्वतंत्र स्क्रिप्ट देण्याची पद्धत रूढ झाली व लिनक्सच्या बहुतेक वितरणांनी ती स्वीकारली.

दोष येथेच होता. सेवा सुरू होताना आपला प्रक्रिया-क्रमांक एका फाईलमध्ये लिहिते आणि थांबताना ती फाईल पुसते. पुष्कळ स्क्रिप्टा फाईल दिसताच सेवा चालू असल्याचे गृहीत धरत. वीज अचानक गेली की पुसण्यास अवसरच मिळत नाही. वीज परतल्यावर स्क्रिप्ट जुनी फाईल पाहून स्वस्थ बसते. अखंड वीज असलेल्या ठिकाणी हे क्वचितच घडे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात मात्र तशी निश्चिंती नव्हती. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर सुमारे १९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. पण ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते, आणि धरणाशेजारी राहणे ही काही अखंड पुरवठ्याची हमी नव्हे!

सोपा वाटणारा उपाय म्हणजे आरंभी फाईल सरसकट पुसणे. तो घातक आहे. पोस्टग्रेस या विदागार-प्रणालीची क्रमांक-फाईल विदेच्याच फोल्डरमध्ये असते. सेवा चालू असताना ती पुसली आणि दुसरी सेवा त्याच विदेवर सुरू झाली, तर प्रवेशाच्या वा ग्रंथालयाच्या नोंदी भ्रष्ट होऊ शकतात. नुसता क्रमांक जिवंत आहे का, एवढे पाहणेही अपुरे ठरते. कारण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक भलत्याच प्रक्रियेला मिळालेला असू शकतो. म्हणून क्रमांकाबरोबर प्रक्रियेची ओळखही तपासणारी दुरुस्ती अधिक विश्वसनीय. लिनक्स स्टँडर्ड बेसने ‘सेवा मृत, पण फाईल शिल्लक’ या अवस्थेला १ हा स्वतंत्र संकेत दिला, त्यावरून हा दोष किती सार्वत्रिक होता हे दिसते.

२०११ च्या सुमारास अनेक वितरणांनी अशा फाईलींची जागाच स्मृतीत हलवली. वीज जाताच त्या आपोआप नाहीशा होऊ लागल्या. २०१० मध्ये अवतरलेल्या ‘सिस्टिमडी’ने सेवेच्या प्रक्रियांची नोंद कर्नलच्या साहाय्याने स्वतःच ठेवली. डेबियनने दीर्घ वादानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये तिची निवड केली.