राजाचा पांढरा घोडा

सन १३७८ च्या ४ जानेवारीस पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट चौथा चार्ल्स पॅरिस नगरीत प्रवेशला. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स हा त्याचा सख्खा भाचा. वयाची साठी उलटलेल्या या मामाला संधिवाताने जर्जर केले होते आणि वाटेत त्याला मेण्याचा आश्रय घ्यावा लागला होता. तरीही नगरप्रवेशासाठी भाच्याने पाठविलेल्या घोड्यावर तो आरूढ झाला. घोडा उमदा होता, पण काळा. राजा स्वतः मात्र शुभ्र अश्वावर बसून सामोरा आला.

यात योगायोग नव्हता. साम्राज्यातील नगरांत सम्राटाने पांढऱ्या घोड्यावरून प्रवेश करावा, असा संकेत होता. फ्रान्सच्या भूमीवर तो त्याला कसा पाळू द्यावा? हीच दक्षता आधीपासून घेतली जात होती. नाताळच्या प्रार्थनेत सम्राटाने धर्मग्रंथातील पाठ वाचावा, ही साम्राज्याची जुनी प्रथा. तो विधी त्याने सीमेअलीकडे, आपल्याच अधिकारातील कांब्रे येथे उरकला. फ्रान्सच्या गावांतून जाताना त्याच्या स्वागतार्थ घंटानादही झाला नाही. आतिथ्यात उणीव नव्हती. उणीव राखली होती ती केवळ अधिकारचिन्हांत.

एवढी काटेकोर वृत्ती आज कोणास क्षुद्र वाटेल. परंतु या राजाचा पिता जॉन १३५६ साली प्वातिएच्या रणांगणावर इंग्रजांच्या हाती सापडला होता, आणि त्याआधी १३४० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सचा राजा म्हणवून घेत फ्रेंचांची लिलीची फुले आपल्या ढालीवर चढविली होती. ज्याचे राजचिन्हच शत्रूने पळविले, त्याला चिन्हांची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. फ्रान्सचा राजा आपल्या राज्यात स्वतःच सम्राट आहे, हे फ्रेंच विधिज्ञांचे आवडते सूत्र होते. ते सिद्ध करण्याची ही संधी होती.

राजाने ‘ग्रांद क्रॉनिक’ या राजवंशाच्या बखरीची आपली खासगी प्रत सचित्र करवून घेतली होती. तीत या भेटीचा सविस्तर वृत्तांत आला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील या प्रतीत प्रवेशाचे चित्र आहे. हाताच्या पंजाएवढ्या जागेत गर्दी पुष्कळ, तरी चित्रकाराने घोड्यांचे रंग चुकविलेले नाहीत. मेजवानीच्या चित्रात राजा मधोमध बसला आहे. एका बाजूस सम्राट, दुसऱ्या बाजूस सम्राटपुत्र वेन्सेस्लास. पाहुण्यांसमोर जेरुसलेमच्या वेढ्याचा देखावा चालू आहे, आणि निळ्या वस्त्रावर सोनेरी लिली फुलल्या आहेत.