ब्राउझरमधली ‘एक्स्टेन्शन’ अपडेट आहेत का? फॉर्म भरण्याआधी एवढं तपासा

अंबरनाथ : दाखल्याचा अर्ज, डिजिटल सातबारा, पीक विमा, परीक्षेचा फॉर्म. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि पुढे वांगणीपर्यंतच्या गावांतले अनेक जण ही कामं सेतू केंद्रात, सायबर कॅफेत किंवा घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर उरकतात. तिथे आधार नंबर, बँक खातं, पासवर्ड सगळंच टाकावं लागतं. म्हणून त्या ब्राउझरमध्ये आणखी काय काय बसवलंय, हे माहीत असायला हवं.

एक्स्टेन्शन म्हणजे काय?
क्रोम, एज, फायरफॉक्स यांना जोडलेली छोटी सॉफ्टवेअर म्हणजे एक्स्टेन्शन. मराठी टायपिंग, भाषांतर, जाहिराती बंद करणं, पासवर्ड साठवणं अशा कामांना ती लागतात. यातल्या बऱ्याच एक्स्टेन्शनला ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी दिलेली असते. म्हणजे घराची किल्लीच दिल्यासारखं. मोबाईलमधल्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालत नाहीत, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर मात्र चालतात.

अपडेट कसं करायचं?
ब्राउझर चालू असताना एक्स्टेन्शन बहुधा आपोआप अपडेट होतात. लगेच करायचं असेल तर क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर क्लिक करा, ‘एक्स्टेन्शन’ आणि मग ‘मॅनेज एक्स्टेन्शन’ उघडा. ‘डेव्हलपर मोड’ चालू केला की ‘अपडेट’चं बटण दिसतं. ते दाबा आणि मोड परत बंद करा. फायरफॉक्समध्ये ‘अॅड-ऑन्स’च्या पानावर दातेरी चाकाच्या खुणेत अपडेट तपासण्याची सोय आहे.

विंडोज ७ किंवा ८ असेल तर अडचण आहे. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ पासून नवी आवृत्ती तिथे येत नाही, त्यामुळे एक्स्टेन्शनची नवी अपडेटही अडू शकतात. अशा कॉम्प्युटरवर बँकेचं काम टाळलेलं बरं.

अपडेट केलं म्हणजे झालं?
नाही. २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबरहेवन या अमेरिकन कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवा ईमेल आला. त्यातून चोरट्यांनी कंपनीच्याच एक्स्टेन्शनचं बनावट अपडेट क्रोमच्या दुकानात चढवलं. सुमारे एक दिवस ते लोकांच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरत राहिलं. कंपनीने दुरुस्त आवृत्ती दिली, तीही अपडेटनेच पोचली. त्यामुळे अपडेट बंद ठेवणं हा उपाय नाही. एक्स्टेन्शन कमीत कमी ठेवणं, हाच खरा उपाय.

हे लक्षात ठेवा
– महिन्यातून एकदा यादी पाहा. जे वापरात नाही ते ‘रिमूव्ह’ करा.
– अपडेटनंतर एक्स्टेन्शन नवी परवानगी मागत असेल तर वाचूनच ‘हो’ म्हणा. टायपिंगच्या एक्स्टेन्शनला तुमचं लोकेशन कशाला हवं?
– ‘तुमचं एक्स्टेन्शन जुनं झालंय, इथून डाऊनलोड करा’ असं एखाद्या वेबसाइटवर आलं तर हात लावू नका.
– सायबर कॅफेत पासवर्ड ‘सेव्ह’ करू नका. काम संपलं की लॉगआउट करूनच उठा.

खात्यातून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.