बारावीनंतर अनुवंशशास्त्र : नांदगावच्या मुला-मुलींसाठी माहिती

बायोलॉजी घेतलं म्हणजे नीट, आणि नीट हुकली की सगळं संपलं, असं आपल्या घरांत धरूनच चालतात. अनुवंशशास्त्राचा रस्ता वेगळा आहे. दहावीत ‘आनुवंशिकता’ (उर्दू माध्यमात ‘तवारुस’) शिकलो, तोच विषय पुढे वाढतो.

जेनेटिक्समध्ये एकेका जनुकाचा अभ्यास होतो, जिनोमिक्समध्ये सगळ्या जनुकसंचाचा. माणसाच्या संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं! ती वाचायला संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर लागतो. म्हणून अकरावीत गणित सोडू नका. मुलींना तर मुळीच सोडायला लावू नका.

आपल्या भागातली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. बी.एस्सी. बॉटनी किंवा झूलॉजीत जेनेटिक्स शिकवतात, बायोटेक्नॉलॉजीत जास्त. आयसर पुण्यात पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. त्याच्या आयएटी परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, चारही विषय येतात. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी.

याचा उपयोग काय? थॅलेसेमिया बघा. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मामू-खालाच्या घरात लग्न होतं तेव्हा दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते. लग्नाआधी रक्ताची एचबीए-२ तपासणी केली तर कळतं. हे घरोघरी समजावून सांगणारे जेनेटिक काउन्सेलर आपल्यातले हवेत. मात्र नुसत्या बी.एस्सी.वर ते काम मिळत नाही, एम.एस्सी. धरूनच खर्चाचा हिशोब करा.