तेलाचा तरंगता काटा

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावं रेल्वेवर होती, पण एकमेकांना जोडलेली नव्हती. नांदेडला मीटरगेज, तर लातूरला १९११ मध्ये पोचलेली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. रुळांची रुंदीच वेगळी, म्हणून थेट गाडी अशक्य. मधल्या काळ्या मातीच्या मुलखात लोहा, अहमदपूर अशी गावं घेत जायचं तर बैलगाडी होती, आणि पुढे मोटार आली.

निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या, त्या २७ गाड्या आणि १६६ नोकरांनिशी. त्याआधीच १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने शेव्हरोलेट जोडायला सुरुवात केली होती. गाड्या आल्या, पण कंपनीचा मिस्त्री आणि सुटे भाग राहिले मुंबई-हैदराबादेत. त्यामुळे आडरस्त्यावर इंजिनाच्या पोटात तेल किती उरलं आहे, हे कळणं अगदी निकडीचं होतं.

त्याचं कारण इंजिनाच्या रचनेत होतं. त्या काळच्या कित्येक इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला दाबाने तेल मिळत नसे. रॉडच्या तळाशी असलेली छोटी पळी दर फेऱ्याला तेलात बुडे आणि ते वर उडवी. पातळी खाली गेली की पळी कोरडी फिरायची. मग बेअरिंगमधला व्हाइट मेटल, म्हणजे मुख्यतः कथील, तापून वितळायचा. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या या भागात पातळ झालेलं तेल गळायलाही वेळ लागत नसे.

फोर्डच्या मॉडेल टीला (१९०८ ते १९२७) चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पेटीच्या, बाजूला खालीवर दोन तोट्या होत्या. खालची उघडून तेल आलं नाही तर भर घालायची आणि वरच्या तोटीतून वाहिलं तर थांबायचं. त्यासाठी गाडीखाली वाकावं लागे. पुढच्या मॉडेल एमध्ये डिपस्टिक आली. काही मोटारींत मात्र इंजिनाच्या बाजूला तरंगता काटा असे: आत तेलावर बुचाच्या लाकडाचा किंवा पोकळ पितळेचा गोळा, त्याला तार, आणि बाहेर दिसणारी खूण. पुढे १९४६ च्या बेंटली मार्क सिक्समध्ये डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की पेट्रोलचाच काटा तेलाची पातळी दाखवू लागला.

तरंगता काटा बिघडतो तो बहुधा तीन कारणांनी. बुचाचा गोळा तेल पिऊन जड होतो, पितळी गोळ्याचा डाग उकलून आत तेल शिरतं, किंवा गाळाने तार अडकते. पहिल्या दोन बिघाडांत खूण कायम खाली राहते आणि तेल असूनही संपल्यासारखं दिसतं. तिसरा बिघाड घातक. चेंबर रिकामं झालं तरी खूण वरच अडकलेली असते.

दुरुस्ती मोठ्या कारखान्याची नाही. पितळी गोळा गरम पाण्यात बुडवला की आतली हवा फुगते आणि जिथून बुडबुडे निघतात तिथे चीर असते. बारीक भोक पाडून आतलं तेल पूर्ण काढायचं आणि मग चीर व भोक कथलाने झाळायचं. गळकी घागर झाळणाऱ्या तांबटाला हे काम नवं नाही. मात्र डाग जाड झाला तर गोळ्याचं वजन वाढतं आणि काटा खोटं बोलतो. म्हणून जोडणी झाल्यावर चेंबर रिकामं करून मोजून तेल भरायचं आणि खूण तपासायची. ही शेवटची पायरी टाळली तर सगळं काम फुकट.

आज असा काटा काढून तिथे बूच ठोकणं सोपं वाटतं, पण त्याने गाडीचा एक खरा भाग कायमचा जातो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. जुन्या वाड्यात किंवा गोठ्यात अशी गाडी उभी असेल, तर तिच्या मालकाने आधी चेंबर उघडून आतला गोळा शोधावा. तो सापडला तर टाकून न देता झाळून घ्यावा.