घरोटावरची ओवी: दुःख बोलतं करणाऱ्या रीतीची कुळकथा

मनाच्या उपचारात चित्र, गाणं, नाटक, गोष्ट वापरण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. तिचा छापील इतिहास मात्र परदेशात सुरू होतो. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाच्या रुग्णालयात पडून होता. चित्रं काढता काढता त्याला उभारी आली. मग त्याने शेजारच्या रुग्णांच्या हातीही पेन्सिल दिली आणि १९४२मध्ये या पद्धतीला ‘आर्ट थेरपी’ असं नाव दिलं. हा इतिहास खरा आहे, पण खानदेशातल्या माणसाला त्यात आपलं घराणं सापडत नाही. ते शोधायचं तर जळगावजवळच्या असोद्यापासून सुरुवात करावी लागते.

असोद्याच्या महाजनांच्या घरी १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या वाड्यात आल्या. तिशीतच पती नथुजी गेले. पदरात काशी, ओंकार आणि सोपानदेव ही तीन मुलं. ओंकारला प्लेगनंतर कायमचं अपंगत्व आलं. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपुढे, घरोटावर म्हणजे जात्यावर काम करताना त्या गाणी रचत आणि सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर ती उतरवून घेत. १९५१मध्ये बाई गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने आली.

काम करता करता गाण्याची ही रीत त्यांच्यापाशी आली कुठून? बाराव्या शतकात, ११२९च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतर दीडशे वर्षांनी झाली. म्हणजे ओवी पोथीत जाण्याआधी उखळापाशी होती. पुढे संत जनाबाईंच्या जोडीला विठ्ठल दळायला बसला, असं लोकांनी मानलं. त्या कथेतही बाईला हवा असलेला आधार म्हणजे समोर बसून जातं ओढणारा, ऐकणारा कुणीतरी.

घरोटापाशी नेमकं काय घडतं ते जवळून पाहू. पहाटेचा अंधार. कळणाच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद सुपात घेतलेले. दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा दोघींच्या हाती. एकीने डाव्या हाताने वैरण घालायची, दुसरीने फेरा ओढून घ्यायचा. डोळे जात्याच्या तोंडाकडे, एकमेकींकडे नाहीत. पहिली ओवी देवाची. मग माहेर, भाऊ, सासुरवास, गेलेलं मूल. एकीने धरलेली ओवी दुसरी उचलते. आवाज चिरकला तरी फेरा थांबत नाही आणि घरघरीमुळे ओसरीवर निजलेल्यांना शब्द नीट कळत नाहीत.

दुःख बोलतं करायला लागणारं जवळपास सगळंच इथे आहे. हात कामात गुंतल्याने जीभ सैल होते. नजरेला नजर द्यावी लागत नाही. लय श्वासाला धरून ठेवते. गाऱ्हाणं सासूचं असलं तरी ते जात्याला, विठ्ठलाला किंवा रामाला सांगितलेलं असतं, त्यामुळे बोलणारीवर बालंट येत नाही. आपल्या मनाला समोर उभं करून त्याच्याशी बोलायची सोयही यातच आहे. बहिणाबाईंनी मनाला पिकात शिरणाऱ्या गुराच्या रूपात पाहिलं, ते याच सवयीने. पुढे मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी कथनोपचारातही असंच माणूस आणि त्याची अडचण वेगवेगळी मांडायला शिकवलं. त्यांचं पुस्तक १९९०चं आहे. मन मोकळं केल्याचा परिणामही मोजला गेला आहे: अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या मनातला सल लिहायला लावला. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. हा प्रयोग १९८६मध्ये छापून आला.

तरीही ओवीला उपचार म्हणणं मला पटत नाही. दळून झालं की बाई त्याच घरात, त्याच जाचात परत जायची. गाण्याने दिवस निभावला, पण जाच हटला नाही. दुःख ऐकल्यावर त्याची जबाबदारी घेणारं कुणी त्या रीतीत नव्हतं.

गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यावरचा भार हलका झाला. ते चांगलंच झालं. त्याबरोबर पहाटेची ती बैठकही मोडली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तिचा अंदाज तरी येतो. त्या साठ्यात नवऱ्याचा मार आहे, माहेरची ओढ आहे, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत.

आज ते ऐकण्याचं काम दुसरीकडे चालतं. १९८६मध्ये डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात उभं केलेलं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र घ्या. व्यसनात बुडालेला माणूस तिथे समूहात बसून आपली गोष्ट सांगतो. तो उठून गेल्यावरही त्याच्या घराची, पुढच्या पावलाची विचारपूस होते. घरोटाला जे जमलं नव्हतं, ते हेच.

म्हणून खानदेशात या कामात असलेल्यांना माझं सांगणं आहे. समोर आलेल्या बाईच्या हाती कागद-रंग जरूर द्या, पण आधी विचारा: तुमच्याकडे आखाजीला झोक्यावर काय म्हणतात? भुलाबाईची कोणती गाणी येतात? तिला लेवागणबोलीत, अहिराणीत बोलू द्या. बोलता बोलता तिच्या हातांना निवडायला, सोलायला काहीतरी असू द्या. ती सासरचं गाऱ्हाणं गाण्यातून सांगायला लागली, तर ते फक्त गाणं समजून टाळ्या वाजवू नका. त्यातलं गाऱ्हाणं लिहून घ्या आणि त्याचा पाठपुरावा करा.