आतून लावलेली कडी

सोमवार, 20 जानेवारी 2020, रात्री साडेनऊचा सुमार. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातले दामन, उंची सुमारे 2,300 मीटर. आकाश निरभ्र असले की इथून हिमशिखरांची रांग दिसते. केरळहून आलेले 15 पर्यटक पोखऱ्याहून परतताना इथल्या एका रिसॉर्टमध्ये उतरतात. खोल्या चार घेतल्या आहेत.

झोपायची वेळ. आठ जण एकाच खोलीत झोपतात. दोन जोडपी, चार मुले. बाकीचे दुसरीकडे. जानेवारीची थंडी आहे, मुले लहान आहेत. कोणत्याही आईबापांनी हेच केले असते. खोलीत गॅसचा हिटर पेटलेला. सगळ्या खिडक्या बंद. दाराला आतून कडी.

इथून पुढचा वेळ कडी लागल्यापासून मोजायचा.

पहिली काही मिनिटे. ऊब येते. 1 किलो गॅस नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. 12 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 10 फूट उंच खोलीत हवा मावते 41 घनमीटर. श्वासही त्यातूनच घ्यायचे. बाहेरची हवा आत आली नाही की प्राणवायू घटत जातो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. घरात वापरायच्या काही हिटरना प्राणवायू कमी झाला की गॅस आपोआप तोडणारी सोय असते. मोकळ्या अंगणासाठी बनवलेल्या हिटरना ती सहसा नसते.

मोनॉक्साइडला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसचा वास हा गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. तो ज्योतीत जळून जातो. स्वयंपाकघरात ज्या नाकावर आपण भरवसा ठेवतो, ते इथे उपयोगाचे नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातला गॅस गिझर माणसे मारतो, तो याच मोनॉक्साइडने. गिझर बाहेर बसवा.

45 मिनिटे. हवेच्या 10 लाख भागांत 800 भाग मोनॉक्साइड असेल, तर एव्हाना डोके दुखते, गरगरते, मळमळते. घाटातल्या प्रवासानंतर हे नवे वाटत नाही. जागा माणूस उठून खिडकी उघडू शकतो. झोपलेल्याला ही डोकेदुखी जागे करीलच असे नाही. पेटता हिटर ठेवून झोपू नये, ते यासाठी.

2 तास. तेवढ्याच प्रमाणात शुद्ध हरपते. 1,600 भाग असतील तर तासाभरात मृत्यू येऊ शकतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला 200 पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. त्यांच्या रक्तात हा वायू आधी भरतो.

मंगळवार, 21 जानेवारी, सकाळ. बाकीचे सोबती उठतात. त्या खोलीतून प्रतिसाद नाही. दार उघडले जाते. आठही जण बेशुद्ध.

दुपारपूर्वी. हेलिकॉप्टरने त्यांना काठमांडूच्या रुग्णालयात नेतात. तिथे आठही जणांना मृत घोषित केले जाते.

त्यांच्यातल्या एका जोडप्याचा आणखी एक मुलगा त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपला होता. तो वाचला.