मांडीवरच्या कुत्र्याची गोष्ट

कुत्रा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे खळ्यावर राखण करणारा किंवा धनगराच्या मागे चालणारा दांडगा कुत्रा येतो. आज मी सांगणार आहे ती तीन किलोच्या कुत्र्याची हकिगत. एवढ्याशा जनावराला इतिहास कसला, असे म्हणू नका. त्याचा इतिहास माणसाच्या हौसेने घडवला आहे.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले विणकर पोटासाठी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात आले आणि कापडगिरण्यांत राबू लागले. त्यांच्याबरोबर त्यांची टेरिअर कुत्री आली. उंदीर मारणे हे त्यांचे काम. तिथल्या कुत्र्यांशी संकर होत होत लांब, रेशमी केसांची यॉर्कशायर टेरिअर जात तयार झाली. १८६५ साली जन्मलेला ‘हडर्सफील्ड बेन’ हा तिचा मूळपुरुष मानला जातो. त्याचे वजन होते सुमारे ५ किलो. प्रदर्शनांत त्याने पुष्कळ बक्षिसे मिळवली आणि १८७१ मध्ये तो गाडीखाली सापडून मेला. त्याची पिल्ले मात्र बहुधा त्याच्याहून लहान निघत, आणि लोकांना तेच हवे होते. गिरणीतला कुत्रा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला.

लंडनला १८७३ साली केनेल क्लब निघाला. जातींची लक्षणे कागदावर आली. या जातीचे वजन ३.२ किलोपर्यंत असावे, असे त्या क्लबचा आजचा नियम सांगतो. पण नीट पाहा, यात वरची मर्यादा आहे, खालची नाही! वर कुंपण घातले आणि खाली रान मोकळे सोडले. आज ‘टीकप’ म्हणून दीड किलोच्या आतले जनावर जादा पैशाला विकतात. वास्तविक अशी वेगळी जातच नाही.

त्याची किंमत जनावर मोजते. इवल्या पिल्लाला काही तास दूध मिळाले नाही, तर रक्तातली साखर उतरून ते लटपटते. कुणाची टाळू भरत नाही, तर कुणाचे पाय पलंगावरून उडी मारताच मोडतात. आणि मादीचे हाल काय सांगावे! पोटात एकच पिल्लू असले तर ते मोठे वाढते, अडते, मग पोट फाडून काढावे लागते. लहान चणीच्या गाईला थोराड वळूचे वासरू राहिले तर काय होते, हे तुम्हां शेतकऱ्यांना मी का सांगावे?

म्हणून जाणता पैदासकार सर्वांत लहान पिल्लू घरात लाडाने ठेवतो, पैदाशीला लावत नाही. मादी अंगाने भरलेली निवडतो आणि नर तिच्याहून मोठा घेत नाही. आपल्याकडेही २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम झाले. त्यांप्रमाणे मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय फळवता येत नाही आणि वर्षातून एकाहून अधिक वेत घेता येत नाही.

तुमच्या मुलाने शहरातून असे पिल्लू आणायचे म्हटले, तर त्याला एवढेच सांगा : “बाळा, पिल्लू किती लहान आहे ते नंतर बघ. आधी त्याची आई बघून ये.”